रिकॉलचं काम 'झालं' दाखवतंय, पण ट्रकवर झालेलंच नाही: घोळ कुठे होतो आणि कसा सोडवायचा

तक्रार साधारण अशी असते. कंपनीने ब्रेकच्या, स्टिअरिंगच्या किंवा वायरिंगच्या एखाद्या भागासाठी रिकॉल काढलेला असतो, म्हणजे सदोष भागाच्या मोफत दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावलेल्या असतात. मालकाला ते कळतं भलतीकडूनच: कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाडी भरताना शेजारच्या ड्रायव्हरकडून, नाहीतर पासिंगच्या रांगेत. वर्कशॉपला फोन लावला की तीनपैकी एक उत्तर मिळतं. "तुमच्या गाडीवर काही पेंडिंग नाही." "ते काम मागेच झालंय." "पार्ट आला की कळवतो." गाडी तशीच न्हावा शेवाच्या फेऱ्या मारत राहते. काही महिन्यांनी तीच खराबी पुन्हा डोकं वर काढते, आणि या वेळी बिल मालकाच्या नावावर फाटतं.

तिन्ही उत्तरांमागची कारणं वेगळी असली तरी मूळ एकच आहे. रिकॉल चॅसी नंबरावर निघतो, पत्र मात्र माणसाच्या नावाने जातं, आणि काम पुरं झाल्याची नोंद जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या कागदावर होते. गाडी, माणूस आणि कागद यांची फारकत झाली की रिकॉल लटकतो. म्हणून शोधही त्याच क्रमाने घ्यायचा: आधी नंबर, मग नाव-पत्ता, मग प्रत्यक्ष पार्ट.

आधी नंबर पक्का करा

चॅसी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच येत नाहीत. म्हणजे गोल दिसतं ते शून्यच आणि उभी रेघ दिसते तो एकच. तरीही पाच आणि एस, आठ आणि बी, दोन आणि झेड यांची गल्लत सर्रास होते. फोनवर शेवटचे सहा आकडे सांगून काम भागवायची सवय आहे, ती इथे नडते. रिकॉलची यादी चॅसी नंबरांच्या पट्ट्यांवर बांधलेली असते. एक अक्षर चुकलं की गाडी पट्ट्याबाहेर जाते आणि समोरचा प्रामाणिकपणे सांगतो, "पेंडिंग नाही."

पहिली तीन अक्षरं उत्पादकाची असतात. एमएटी म्हणजे टाटा, एमबी१ म्हणजे अशोक लेलँड. घरी लिहून ठेवलेला नंबर या तीन अक्षरांनीच सुरू होत नसेल तर तो चॅसी नंबर नसून इंजिन नंबर असण्याची शक्यता जास्त. ही चूक वाटते त्यापेक्षा खूप जास्त वेळा घडते, कारण आरसीवर दोन्ही नंबर एकाखाली एक छापलेले असतात.

वाहन पोर्टलवर गाडीची माहिती सगळ्यांसाठी उघडते तेव्हा चॅसी नंबराचे काही आकडे झाकलेले असतात. पूर्ण नंबर आरसीवरून घ्या आणि एकदा प्रत्यक्ष चॅसीवरच्या ठोकलेल्या अक्षरांशी ताडून पाहा. बहुतेक ट्रकना तो उजव्या बाजूच्या लाँग मेंबरवर (चॅसीच्या लांब पट्टीवर), पुढच्या चाकाच्या आसपास असतो. उरण-न्हावा शेवाच्या खाऱ्या हवेत तिथे गंज चढतो. तो घालवायला ग्राइंडर किंवा जाड सँडपेपर लावू नका. अक्षरं झिजली तर पासिंगला नंबरशी छेडछाड केल्याचा संशय येतो आणि भलतंच प्रकरण मागे लागतं. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं, मऊ ब्रश, आणि साफ झाल्यावर ग्रीसचा पातळ हात, एवढं पुरतं. फायनान्सला देतो तसा पेन्सिलने घासून चॅसी प्रिंट घ्या, त्याचा फोटो काढा आणि वर्कशॉपला तोच पाठवा. तोंडी नंबर सांगूच नका.

ट्रेलर असेल तर आणखी एक गोष्ट. घोडा (पुढचा ओढणारा ट्रक) एका कंपनीचा, ट्रेलर दुसऱ्या कंपनीचा, आणि दोघांचे चॅसी नंबर वेगळे. घोड्याचा रिकॉल बंद झाला म्हणजे ट्रेलरच्या एक्सलचा किंवा ब्रेकचाही झाला, असं होत नाही. ट्रेलर बनवणाऱ्याकडे स्वतंत्र विचारावं लागतं.

वर्कशॉपला नेमकं काय विचारायचं

"रिकॉल आहे का?" असं विचारलं की काउंटरवरचा मुलगा बातमीत आलेलं काही आठवतंय का ते बघतो. कंपन्यांच्या प्रणालीत याच कामाला बहुधा 'कॅम्पेन' म्हणतात, काही ठिकाणी 'रेट्रोफिट'. म्हणून प्रश्न असा ठेवा: "या चॅसी नंबरावर कुठलं कॅम्पेन ओपन आहे का? ओपन असेल तर त्याचा नंबर सांगा. क्लोज असेल तर कुठल्या वर्कशॉपने, कुठल्या तारखेला, किती किलोमीटरवर क्लोज केलं ते सांगा." शेवटचा भाग सोडू नका. 'मागेच झालंय' या उत्तराची शहानिशा इथेच होते. क्लोज झाल्याच्या तारखेला गाडीचं जीपीएस किंवा फास्टॅगचा टोल उतारा वेगळंच ठिकाण दाखवत असेल, तर काम कागदावर झालंय हे सांगायला आणखी पुरावा लागत नाही.

असं का होतं? कॅम्पेनला मुदत असते, डीलरवर ते पुरं करण्याचं दडपण असतं, आणि जॉब कार्ड उघडून पार्टची मागणी टाकली की काही ठिकाणी ओळ लगेच 'पूर्ण' म्हणून सरकवली जाते. पार्ट यायच्या आत गाडी भाड्याला निघून जाते. नंतर पार्ट येतो, गाडी येत नाही, आणि प्रणालीत काही उरलेलं नसल्याने फोनही येत नाही. दर वेळी यात बदमाशी असते असं नाही, पण चुकलेल्या नोंदीची जबाबदारी ती करणाऱ्याचीच. खोटी क्लोज झालेली नोंद पुन्हा उघडता येते. त्यासाठी डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला एकाच ईमेलमध्ये चॅसी नंबर, कॅम्पेन नंबर, क्लोज तारीख आणि त्या दिवशीचा टोल उतारा पाठवा. फोनवर मागितलेली दुरुस्ती हवेत विरते.

पत्र दुसऱ्याच्या घरी जातंय

कंपनीकडची नोंद पहिल्या विक्रीची असते. भिवंडीत एका ट्रान्सपोर्टच्या नावावर घेतलेली दहाचाकी तीन वर्षांनी कळंबोलीत विकली गेली, तर आरसीवरचं नाव बदलतं. कंपनीच्या यादीत भिवंडीचाच पत्ता राहू शकतो. नागालँड पासिंगच्या गाड्या या पट्ट्यात रोज दिसतात. त्यांच्या आरसीवरचा पत्ता तिकडचा, मालक इकडचा, आणि पत्र हजारो किलोमीटर लांब पडून. त्याहून वाईट म्हणजे मोबाइल नंबर. आरसी ट्रान्सफर करताना एजंटाने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो. मग ओटीपीही त्यालाच आणि निरोपही त्यालाच.

दोन ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. आरसीवर: पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ३३ भरून कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. विकत घेतलेली गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्ज असेल तर फायनान्सची संमतीही. मोबाइल नंबर वाहन पोर्टलवर बदलता येतो. मग कंपनीकडे: कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला आरसीची प्रत देऊन ग्राहकाची माहिती बदलून घ्या, आणि बदलल्यावर पडद्यावर नाव-नंबर काय दिसतो ते तिथेच उभं राहून वाचा. एमएच-०४, एमएच-४३ की एमएच-४६, पासिंग कुठलंही असो, काम देशातल्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये करता येतं. जिथून गाडी घेतली तिथेच न्यायला हवी, असं कुणी सांगितलं तर ते ऐकून घेऊ नका.

"पेंडिंग नाही" हे खरं असूनही पार्ट सदोष

हा प्रकार सगळ्यात फसवा आहे. कारखान्यात सदोष बॅच ज्या गाड्यांवर चढली त्यांचे चॅसी नंबर यादीत येतात. तीच बॅच सुट्या पार्टच्या रूपात दुकानांतूनही विकली गेलेली असते. तुमच्या गाडीचा मूळ पार्ट चांगला होता, दोन वर्षांपूर्वी तो बदलला, आणि बदली आलेला नेमका सदोष बॅचचा निघाला, तर चॅसी नंबरावरून हे कधीच कळणार नाही. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून किंवा दुसऱ्या गाडीवरून काढून बसवलेल्या पार्टचंही तसंच.

उपाय एकच: यादीपेक्षा पार्ट वाचा. रिकॉलच्या पत्रात पार्ट नंबर आणि बहुधा बॅच किंवा उत्पादनाचा आठवडा-वर्ष दिलेलं असतं. गाडीखाली जाऊन लेबल पुसा, आकडे पाहा, जुळवा. जुळले तर फोटोसह लेखी कळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०ए मध्ये याची सोय आहे: दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग असलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकतं, मग त्या गाडीचा प्रकार किंवा मॉडेल कुठलंही असो.

याचीच दुसरी बाजू वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये असते. जुना आणि सुधारित पार्ट यांच्या नंबरात कधी कधी शेवटच्या एका अक्षराचाच फरक असतो, कधी फक्त तारखेच्या कोडचा. रॅकवर जुना माल शिल्लक असेल तर सदोष काढून सदोषच बसतो. खोक्यातून पार्ट निघाला की बसवण्याआधी त्याचं लेबल पाहायला मागा. यात कुणाचा अपमान होत नाही.

ब्रेकचं काम खरंच झालंय का: गाडीखाली जाऊन

ब्रेक चेंबरचा, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याचा रिकॉल असेल तर डोळ्यांनी, कानांनी आणि खडूने खात्री करता येते. सपाट जागेवर गाडी उभी करा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, हवा पूर्ण भरा म्हणजे साधारण ८ बार, आणि इंजिन बंद करा. आता हँडब्रेक सोडा. ठोकळे पक्के नसतील तर ही पायरी करूच नका.

चेंबरमधून जिथे पुश रॉड बाहेर येतो, तिथे रॉडवर खडूने खूण करा. एकाला केबिनमध्ये बसवून पेडल दाबून धरायला सांगा; मीटरवर ६ ते ७ बार असताना. खूण चेंबरपासून किती सरकली ते मोजा. टाइप ३० च्या साध्या चेंबरला ५१ मिलिमीटर ही मर्यादा, टाइप २४ ला ४५. लाँग स्ट्रोक चेंबरची मर्यादा जास्त असते, म्हणून आधी चेंबरवरचा छाप वाचा. एकाच एक्सलच्या डाव्या-उजव्या बाजूत ६ मिलिमीटरच्या वर फरक दिसला, तर दोन्ही आकडे मर्यादेत असूनही गाडी ब्रेकवर एका अंगाला ओढेल.

स्ट्रोक (रॉड सरकण्याचं अंतर) जास्त निघाला की मेकॅनिक लगेच स्पॅनर घेऊन ऑटो स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे हे अंतर आपोआप जुळवणारा भाग, आवळायला धावतो. त्याला थांबवा. ऑटो ॲडजस्टर स्वतःहून जुळत नाहीये याचा अर्थ तो खराब आहे, किंवा कॅमचा बुश, लायनर, ब्रॅकेट यांपैकी काहीतरी गेलंय. हाताने आवळला की दोन दिवस आकडा छान दिसतो आणि मालाने भरलेली गाडी बोरघाट उतरताना पुन्हा मूळ पदावर येते. 'रिकॉल होऊनही तक्रार परत आली' यातल्या बऱ्याच गाड्यांची कथा हीच आहे: चेंबर नवा, ॲडजस्टर जुनाच.

गळती ऐकायची तर आवाज कधी येतो ते पाहा. पेडल दाबल्यावरच फुसफुस येत असेल तर सर्व्हिस बाजूचा डायफ्राम (रबरी पडदा). पेडल न दाबता, हँडब्रेक सोडलेला असताना येत असेल तर स्प्रिंग बाजूचा. पेडल दाबून धरलेलं असताना एका मिनिटात सुट्या ट्रकची हवा ०.२ बारहून जास्त उतरली, किंवा घोडा-ट्रेलर जोडीची ०.३ बारच्या आसपास, तर कुठेतरी पाझर आहे. साबणाचं पाणी लावून जागा शोधा.

इथे जिवाची गोष्ट. स्प्रिंग ब्रेक चेंबरच्या आत दाबून धरलेल्या स्प्रिंगची ताकद टनाच्या घरात असते. मागच्या बाजूचा पट्टा किंवा क्लॅम्प कुणीही, कुठल्याही कारणाने उघडायचा नाही. चेंबर उतरवायच्या आधी रिलीज बोल्ट घालून स्प्रिंग बांधून घ्यायची, आणि तो बोल्ट नीट अडकला नाही तर काम तिथेच थांबवायचं. हायवेकडेच्या टपरीवर हातोडीने चेंबर उघडताना माणसं दगावतात. रिकॉलचा पार्ट मिळाला म्हणून घरच्या गॅरेजात बसवून घेऊ, हा विचार या एका भागापुरता तरी मनातून काढून टाका.

पावसाळ्यात आणखी एक कारण जोडलं जातं. हवेतला ओलावा काढणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज संपलेलं असेल तर टाक्यांत पाणी साचतं, कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून दुधाळ चिखल होतो आणि नव्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. टाकीची ड्रेन ओढल्यावर पांढरट पाणी आलं तर रिकॉलचा नवा व्हॉल्व्ह बसवण्याआधी टाक्या रिकाम्या करून ड्रायर बदला. नाहीतर महिनाभरात नवा व्हॉल्व्हही अडकेल आणि सगळे म्हणतील, रिकॉलचाच पार्ट खराब.

वायरिंग आणि आगीचा रिकॉल

बॅटरी बॉक्सपासून स्टार्टरपर्यंत जाणारी जाड केबल चॅसीच्या कडेला घासते, इन्सुलेशन कापलं जातं, आणि या केबलला बऱ्याचदा फ्यूज नसल्याने ठिणगी थेट आगीत बदलते. रिकॉलमध्ये बहुधा केबलचा मार्ग बदलतात, रबरी अस्तराच्या क्लिपा घालतात, बाहेरून स्लीव्ह चढवतात. तासाभराचं काम. ते टिकत नाही याची कारणं मात्र वर्कशॉपबाहेर असतात. बॉडी बांधताना वेल्डरने क्लिप काढली आणि तारेने बांधली. टायरवाल्याने स्टेपनी ओढताना केबल वाकवली. ड्रायव्हरने जादा दिवे आणि हॉर्न थेट बॅटरीवरून, फ्यूजशिवाय घेतले. बॉडीचं किंवा वेल्डिंगचं काम झालं की केबलवरून एकदा हात फिरवा: दर हातभर अंतरावर क्लिप लागली पाहिजे आणि कुठेही पत्र्याची कड बोटाला केबलसोबत लागता कामा नये. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढली होती का, हेही विचारा. नसतील तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) धक्का बसलेला असू शकतो.

कनेक्टर उघडल्यावर पिनांवर हिरवट थर दिसला तर तो खाऱ्या, दमट हवेचा. तळोजे आणि उरणच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांत हे फार. नवी हार्नेस (तारांचा जुडगा) जुन्या सडलेल्या कनेक्टरला जोडली तर खराबी परत येणारच. इंजिन चालू असताना बॅटरीवर २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसायला हवेत. स्टार्टर फिरताना बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक आणि स्टार्टरचा बोल्ट यांच्यात १ व्होल्टहून जास्त फरक आला, तर केबल किंवा तिचं टोक आतून गेलंय.

सॉफ्टवेअरचा रिकॉल

बीएस-६ गाड्यांत हे वाढलंय. पार्ट काही बदलत नाही, त्यामुळे 'झालं' म्हणणं फार सोपं. काम सुरू व्हायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळचा ईसीयूचा सॉफ्टवेअर नंबर जॉब कार्डावर लिहून किंवा छापून घ्या. दोन्ही सारखेच असतील तर काही झालेलं नाही. ईसीयू कधी दुसऱ्या गाडीवरून आणून बसवला असेल तर त्यात नोंदलेला चॅसी नंबर वेगळा असतो, आणि टूल अपडेट नाकारतं किंवा भलत्याच गाडीचं कॅम्पेन क्लोज होतं. अपडेट चालू असताना बॅटरीला चार्जर लावलेला हवा. व्होल्टेज मध्येच पडलं तर ईसीयू अर्धवट अवस्थेत अडकतो. काम झाल्यावर चावी बंद करून लगेच बॅटरी कटऑफ ओढू नका, ॲडब्लूची (धूर साफ करणाऱ्या युरिया द्रवाची) नळी रिकामी व्हायला दोन मिनिटं द्या.

स्टिअरिंगचं काम असेल तर टायरॉड आणि ड्रॅग लिंकच्या कॅसल नटमध्ये नवी कॉटर पिन घातली आहे का एवढं नक्की पाहा; जुनी सरळ करून पुन्हा घातलेली चालत नाही. चाक काढलं असेल तर एम२२ च्या नटांना टॉर्क रेंच लागतो, साधारण ६०० न्यूटन-मीटर, पण अंतिम आकडा गाडीच्या मॅन्युअलचा. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळणी.

गाडी न्यायची कशी आणि कधी

पत्रात 'गाडी चालवू नये' असं लिहिलं असेल तर ते शब्दशः घ्या. रिकामी गाडीसुद्धा गायमुखच्या उतारावर किंवा मुंब्रा बायपासला काढू नका. टो करायची असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडून बांधून घ्या; इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही आणि चाकांमुळे आतले गिअर कोरडे फिरून जळतात. हवा नसेल तर स्प्रिंग ब्रेक लागलेलेच राहतात, टो गाडीवरून हवा द्यावी लागते.

चालवायला हरकत नसेल तर ठाण्यात अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा आधी पाहा. वाहतूक शाखा त्या बदलत असते, आणि बंदीत अडकून वर्कशॉपची वेळ चुकली की पुढची तारीख आठवड्याने मिळते. पार्ट स्टोअरमध्ये आला आहे, तुमच्या चॅसी नंबरावर राखून ठेवला आहे, असा मेसेज लेखी आल्याशिवाय भाडं सोडून गाडी नेऊ नका. एक दिवस गाडी उभी राहिली की हप्ता थांबत नाही, हे काउंटरवरच्या माणसालाही ठाऊक असतं.

जॉब कार्डावर तक्रार कुठल्या शब्दांत लिहिली जाते यावर पुढचं सगळं ठरतं. 'ब्रेक चेकअप' लिहिलं तर ते सशुल्क काम. 'कॅम्पेन नंबर अमुक, पार्ट अमुक, विनामूल्य' असंच लिहून घ्या. किलोमीटर संपले, वॉरंटी संपली, बाहेर सर्व्हिस केली, ही कारणं वॉरंटीची आहेत. सुरक्षेचा रिकॉल वॉरंटीवर चालत नाही. जुना पार्ट कंपनीला परत जातो, म्हणून तो उतरवल्यावर लगेच नंबरप्लेटसकट एका चौकटीत फोटो घ्या, मग नव्याचा. रिकॉल निघायच्या आधी हाच पार्ट स्वतःच्या पैशाने बदलला असेल तर जीएसटी बिल जोडून परताव्याची मागणी लेखी करा.

तरीही हलत नसेल तर

रिकॉलची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली आणि नियम १२७सी १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. तो उत्पादनापासून ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागतो. उत्पादनाचा महिना-वर्ष आरसीवर असतं. नोव्हेंबर २०१९ ची गाडी असेल तर नोव्हेंबर २०२६ पर्यंत. अमेरिकेत मोफत दुरुस्तीची मुदत पहिल्या विक्रीपासून १५ वर्षं आहे. आपल्याकडे ट्रक १५ वर्षं सहज पळतात, तेव्हा ७ वर्षं अपुरी आहेत हे आमचं स्पष्ट मत. मुदतीबाहेरच्या गाडीसाठीही विचारा जरूर, कंपनी स्वतःहून काढलेल्या रिकॉलमध्ये जुन्या गाड्या घेऊ शकते.

कंपनीने दोष स्वतःहून कळवून रिकॉल काढला तर तिला दंड नाही. सरकारला आदेश द्यावा लागला तर १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ती प्रक्रिया सुरू व्हायला अवजड मालवाहू गाड्यांसाठी तक्रारींची मर्यादा वार्षिक विक्रीच्या ३ टक्के आहे. म्हणून वाहन पोर्टलवरच्या रिकॉल विभागात तक्रार नोंदवाच, तुमचं काम पुढे झालं तरीही. वर्कशॉपच्या वहीत लिहिलेली तक्रार त्या ३ टक्क्यांत मोजली जात नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता सगळ्यांना खुला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यापारासाठी घेतलेली वस्तू वगळतो, पण स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वगळत नाही. एकच ट्रक असलेला, तो स्वतः चालवणारा मालक त्यात बसतो. पन्नास गाड्यांचा ट्रान्सपोर्टवाला सहसा नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार, मग आयोग. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात, आणि तुम्ही राहता किंवा धंदा करता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. ठाण्याच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. वर सांगितलेला टोल उतारा, दोन्ही फोटो, जॉब कार्ड आणि ईमेल हाच तिथे पुरावा.

आणि गाडी विकायची वेळ आली की फॉर्म २९-३० च्या गठ्ठ्यात रिकॉलच्या जॉब कार्डाची प्रतही घाला. काम राहिलेलं असेल तर कॅम्पेन नंबर कागदावर लिहून घेणाऱ्याच्या हातात द्या, कारण कंपनीचं पुढचं पत्र अजूनही तुमच्याच पत्त्यावर येणार आहे.